जागा न सांगणारं जाळं

मुणगोली बंदरावरच्या कुठल्याही तांडेलाला "मासळी खंय गावली?" असं विचारा, उत्तर एकच मिळेल: "पाण्यात."

विचारणारा संस्थेचा चेअरमन असो, मत्स्यखात्याचा साहेब असो की स्वतःची बायको, उत्तर बदलत नाही. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान, आणि प्रत्येक तांडेलाची समुद्रात एक तरी 'जागा' असते. पाण्याखाली खडक असतो किंवा खड्डा असतो आणि तिथे मासळी हमखास सापडते. डोंगराचा अमुक सुळका देवळाच्या कळसावर आला आणि दुसऱ्या बाजूला अमुक कडा दीपगृहामागे गेला, की बोटीच्या बरोबर खाली ती जागा. या खुणा आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून मुलाकडे येतात. माझ्या बाबांच्या बोटीवर जीपीएस आहे, पण त्यांनी आपली जागा त्यात कधी साठवली नाही. यंत्र कोणाच्याही हाताला लागतं, असं त्यांचं म्हणणं.

माझे बाबा म्हणजे दिनानाथ कोयंडे, 'भवानीप्रसाद' बोटीचे तांडेल. माझा धाकटा भाऊ निनाद मोठा झाला तसं बाबांनी एका सकाळी त्याला समुद्रात नेऊन खुणा दाखवायचं ठरवलं. मी त्याच्याहून दोन वर्षांनी थोरली. मीही येणार म्हणून हट्ट धरला.

"तू कित्या?" बाबा म्हणाले. "चेडवाक जागा सांगान काय करूचा? उद्या दुसऱ्याच्या घराक जातलंस. थंय जावई हळूच इचारतलो आणि तू सांगतलंस."

"मी सांगूचंय नाय."

"सांगतलंस. सगळीच सांगतत."

संध्याकाळी निनाद परत आला. आईने सहज विचारलं, "खंय गेललंस रे?" आणि तो शहाणा छाती पुढे काढून म्हणाला, "पाण्यात." त्या एका शब्दाचा मला जितका हेवा वाटला, तितका पुढे कोणाच्या पगाराचा, घराचा किंवा नवऱ्याचा कधी वाटला नाही.

मी पुण्याला शिकले आणि वायरलेस नेटवर्क आखायच्या धंद्यात पडले. इस्पितळं, कारखाने, मोठाली गोदामं, म्हणजे जिथे सिग्नल तुटला की माणसांचं काम अडतं अशा जागा माझ्याकडे यायच्या. मी माझ्या कामात चांगली आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही. म्हणून मुणगोली मच्छीमार सहकारी संस्थेचे चेअरमन चंद्रकांत टिकम यांचा फोन आला तेव्हा मला आनंद झाला, पण आश्चर्य वाटलं नाही.

"कंपनीचो मानूस येवन गेलो," टिकमकाका म्हणाले. "सॅटेलाइटचे डबे फुकट देतंव म्हणता. अट एकच. कुठली बोट खंय असा, ता तेंका सदांकदा कळाक व्हया."

"मगे घेव नकात."

"म्हणान तर तुका फोन केलंय. आज तेंका कळला, की उद्या भायल्या मोठ्या बोटी आमच्या जागेर. आमका आमचा स्वताचा नेटवर्क व्हया. तुका जमतला?"

"जमतला," मी म्हटलं. कसं जमणार याची तेव्हा मला काडीचीही कल्पना नव्हती.

जमलं ते समुद्राच्याच एका खोडीमुळे. रेडिओलहरी साधारण सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. बोट किनाऱ्यापासून पुरेशी लांब गेली की ती क्षितिजाच्या खाली उतरते आणि किनाऱ्यावरच्या अँटेनाला दिसेनाशी होते. म्हणून लोक उंच टॉवर बांधतात, नाहीतर थेट उपग्रहाकडे जातात. पण समुद्राच्या पाण्याला लागून हवेचा एक पातळ थर असतो. त्यात वाफ गच्च भरलेली असते, आणि जरा वर गेलं की हवा भराभर कोरडी होते. या थरात शिरलेली लहर वर जायला बघते, वाकते, खाली येते, पाण्यावर आपटते आणि पुन्हा वर जाऊन पुन्हा वाकते. पाइपातून पाणी जावं तशी ती पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत क्षितिजापलीकडे पोचते. रडारवाल्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. जी जहाजं दिसायला नकोत तीसुद्धा त्यांना कधीकधी दिसायची.

अडचण एवढीच की ही वाफेची नळी सतत जाडबारीक होते. वारा बदलला, ऊन चढलं, की तिचा भरवसा नाही. अलीकडे मात्र अशी चिप निघाली, जी जागच्या जागी हवेचं तापमान आणि दमटपणा मोजते आणि त्या क्षणी नळीत मावेल अशीच लहर निवडते. मी ठरवलं की प्रत्येक बोटीवर असा एक डबा बसवायचा. तो स्वतःचं बोलणार आणि दुसऱ्याचा निरोपही पुढे देणार. खोल समुद्रातल्या बोटीचा निरोप मधल्या बोटींच्या हातून जेटीपर्यंत येणार. एक वाट तुटली तर दुसरी तयार हवी, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोटी वाळूत ओढलेल्या, वर ताडपत्री, खाली जाळी शिवत बसलेली माणसं. मी मीटर घेऊन बोटीबोटीवर चढत होते. जाळं ओढायचा विंच कुठे आहे, बर्फाचा खण कुठे आहे, लोखंडाचा आडोसा कुठे पडतो, खारं पाणी कुठून उडतं, सगळं पाहत होते. डब्यांवर मीठ साचतं म्हणून ते दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुवायची पाळी ठरवली. सगळ्यात मोठं भांडण झालं ते अँटेनावरून. नळी पाण्यालगत, म्हणून अँटेनाही खाली हवी, बोटीच्या कडेला. आणि मुणगोलीत तर डोलकाठीच्या टोकावरचं निशाण ज्याचं उंच त्याचा मान मोठा.

बाबांनी माझ्या हातातली अँटेना घेऊन उलटसुलट पाहिली. "ह्या डोलकाठयेर लावचा सोडून खाली कित्या? शितोडे खावक?"

"वर लावलास तर नळी खाली ऱ्हवतली, बाबा. बोलणा वरच्या वर जातला."

"माझो जन्म गेलो दर्यात. माका कधी नळी दिसाक नाय."

"वारो तरी खंय दिसता?"

बाबा हसले. त्यांना उलट उत्तर आवडतं, फक्त ते बरोबर असलं पाहिजे. "लाव खाली," ते म्हणाले. "पन माझा निशाण वरच ऱ्हवतला."

मुख्य केंद्रसुद्धा मी डोंगरावर न बांधता जेटीच्या टोकाला बांधलं, लाटांचे तुषार लागतील इतकं खाली. दुसरं खाडीच्या तोंडाशी. गावाने आधी टिंगल केली. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या आणि दुपारी खोल समुद्रातून बाबांचा आवाज जेटीवर असा स्वच्छ आला, जणू ते शेजारच्या खोलीत बसलेत. मुणगोलीच्या नेटवर्कवरून गेलेला पहिला निरोप असा होता: "शर्वरी, आवशीक इचार, आज जेवाक काय असा?" जेटीवर शिट्ट्या वाजल्या. टिकमकाकांनी पेढे वाटले. मी डोळे पुसले आणि कोणी बघितलं नाही अशी समजूत करून घेतली.

माझा सगळ्यात लाडका भाग होता संस्थेच्या कचेरीतला मोठा पडदा. प्रत्येक डबा मिनिटामिनिटाला आपली जागा जेटीला कळवायचा, म्हणजे निरोप कुठल्या वाटेने पाठवायचा हे केंद्राला आधीच ठरवता यायचं. त्या जागांचा नकाशा पडद्यावर उमटायचा. निळ्या समुद्रावर हिरवे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. मी त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढून घेतला आणि पुण्याच्या सगळ्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवला.

मग ठिपके गायब व्हायला लागले.

आज इथे चार गेले, उद्या तिथे सहा. मला वाटलं, डब्यांत मीठ शिरलं. मी बोटी परत आल्या की डबे उघडत होते, बॅटऱ्या बदलत होते, तारा तपासत होते. सगळे डबे ठणठणीत. त्याच सुमारास संस्थेच्या कचेरीत चहा प्यायला येणाऱ्या तांडेलांची संख्या वाढली. चहा प्यायचे आणि पडद्याकडे टक लावून बसायचे.

"गो शर्वरी," बाबल मेतर एकदा बशीत चहा ओतत म्हणाला, "तुझा मशीन लय भारी असा. मासळी खंय असा ता दाखयता." बाबल आमच्या बंदरावरचा सगळ्यात खोडकर तांडेल.

"मासळी नाय, बोटी दाखयता."

"बोटी दिसतत थंय मासळी नाय. बोटी गायब होतत थंय मासळी!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्या जागेवर पोचलेला तांडेल पहिलं काम काय करत होता, तर डबा बंद. जागा कोणाला कळू नये म्हणून. आणि नेमकं त्यामुळेच ती अख्ख्या बंदराला कळत होती. नेटवर्कमधलं भोक म्हणजे मासळी, हे एव्हाना मला सोडून सगळ्यांना समजलं होतं. भोक दिसलं की कचेरीत बसलेला कोणीतरी आपल्या माणसांना कळवायचा आणि आसपासच्या बोटी तिकडे पळायच्या.

बाबलने याचाही फायदा उठवला. एका सकाळी त्याने रिकाम्या पाण्यात मुद्दाम डबा बंद केला. पंधराएक बोटी इंजिनं तापवत तिथे धावल्या आणि जाळ्यात जेलीफिश भरून परत आल्या, अंगाला खाज सुटली ती वेगळी. बाबल तोवर भलतीकडे जाऊन बोट भरून बांगडे घेऊन आला. दोन दिवस जेटीवर तोच विषय होता. मीसुद्धा पोट धरून हसले.

पण एक भोक रोज एकाच ठिकाणी पडत होतं आणि ते 'भवानीप्रसाद'चं होतं. जी जागा बापाने मला सांगितली नाही ती माझ्याच नेटवर्कने माझ्यापुढे आणून ठेवली होती. पडद्यावर भोक ढोबळच दिसायचं; नेमकी जागा नकाशा मोठा केला तरच कळायची, आणि ते फक्त मला येत होतं. एका दुपारी कचेरीत कोणी नव्हतं तेव्हा मी तो मोठा करून पाहिला. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. दाराआड उभं राहून ऐकल्यासारखं वाटलं आणि मी नकाशा पुन्हा लहान केला.

मी प्रत्येक तांडेलाला विनवलं, डबा बंद ठेवू नका, तुमच्या पलीकडच्या बोटीचा निरोप तुमच्यातून जातो. प्रत्येकाने तेच सांगितलं: "माझो एकच डबो. एका डब्यान काय होता?" बाबांनीही तेच सांगितलं.

सप्टेंबरात एका टळटळीत दुपारी बाबलचा उजवा हात विंचच्या दोरात सापडला. बोट खूप आत होती. खलाशांनी डब्यावरचं लाल बटण दाबलं. निरोपाला वाटा दोन होत्या. एक उत्तरेकडून, पण तिथली नळी भर उन्हात वाऱ्याने बारीक झाली होती. दुसरी मधल्या बोटीतून, आणि ती बोट त्या वेळी गप्प होती. बटण दाबत दाबत ते तसेच किनाऱ्याकडे निघाले आणि अर्धी वाट कापल्यावर कोणीतरी त्यांना ऐकलं. डॉक्टरांनी बाबलचा हात वाचवला, पण तीन बोटं काढावी लागली. त्याला आणायला जेटीवरची स्पीडबोट वेळेवर निघाली असती तर कदाचित तीही राहिली असती, असं ते म्हणाले.

निरोप कुठे मेला ते मी केंद्राच्या नोंदीत शोधलं. तो बाबांच्या बोटीपाशी मेला होता.

दुसऱ्याच दिवशी कंपनीचा माणूस पुन्हा हजर. त्याचे डबे आकाशाशी बोलतात, मधल्या बोटीवर अवलंबून नाहीत, हे त्याने टिकमकाकांना गोड आवाजात समजावलं. काकांनी मासळी लिलावाच्या शेडमध्ये सगळ्या सभासदांची बैठक बोलावली. माझ्यापुढे सरळ हिशेब होता. बाबांचं नाव घेतलं नाही तर नेटवर्क कुचकामी ठरणार आणि कंपनी येणार. घेतलं तर ज्या माणसाच्या शब्दावर बंदरातली भांडणं मिटतात, त्याची मान सगळ्या गावापुढे खाली जाणार. घरात मी आणि बाबा अपघाताच्या दिवसापासून जेवणापुरतंच बोलत होतो.

शेड गच्च भरली. बाबलसुद्धा आला होता, हात गळ्यात बांधलेला.

"शर्वरी," टिकमकाका म्हणाले, "निरोप खंय अडाकलो ता सगळ्यांका सांग."

"एका बोटीचो डबो बंद होतो," मी उभी राहून म्हटलं.

"कोणाचो?"

मी बोलले नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "कोणाचो नाय! डबेच भंगार असत!"

"माझो," बाबांचा आवाज आला.

ते शेवटच्या रांगेत उभे राहिले होते. "माझो डबो बंद होतो. मी माझ्या हातान बंद केलंय. बाबल माझ्या पलीकडे असा ह्या माका ठावक होता. पन एका डब्यान काय होता, असा म्हटलंय." ते बाबलकडे वळले. "बाबल, तुझी बोटां माझ्यामुळे गेली."



"दिनूदादा," बाबल म्हणाला, "त्या दिसा तुझो बंद होतो. आदल्या दिसा माझो होतो. थंय कोण अडाकलो असतो तर?"

बाबांनी मान हलवली. पण ते बसले नाहीत. "आता खरा ता सांगतंय. उद्या जागेर गेलंय तर माझो हात परत त्या बटणार जातलो. माझ्या आज्यान दिलेली जागा माका पडद्यार दाखवची नाय."

कोणी हसलं नाही. सगळ्या तांडेलांच्या माना हळूहळू डोलल्या. मला त्या क्षणी बाबांचा फार अभिमान वाटला. त्यांनी आपला गुन्हा कबूल केला होता आणि माझ्या आराखड्यातली चूकही नेमकी दाखवली होती. मी लोखंड मोजलं, मीठ मोजलं, वाफ मोजली. ज्या गावात बाप पोटच्या मुलीलाही जागा सांगत नाही, त्या गावच्या प्रत्येक बोटीने मिनिटामिनिटाला आपली जागा सांगावी, असं नेटवर्क मी आखलं होतं. आणि मी त्याच गावची मुलगी.

"माका दिवाळीपर्यंत वेळ देवा," मी म्हटलं. "कोणाची जागा सांगूचा नाय असा नेटवर्क करून दाखयतंय. ता येक जरी जागा बोलला, तर घेवा कंपनीचे डबे."

"आणि आतापर्यंतच्या जागा? त्या तुझ्या मशीनीत असतच ना?" कोणीतरी विचारलं.

पडदा शेडमध्ये आणलेला होताच. मी सगळ्यांसमोर केंद्राची नोंद उघडली, ऑगस्टपासूनची प्रत्येक बोटीची प्रत्येक जागा, आणि पुसून टाकली. बटण दाबताना माझा लाडका नकाशा एकदा पूर्ण उजळला आणि मग समुद्र नुसता निळा उरला. मला वाईट वाटलं. नाही वाटलं म्हणणं खोटं ठरेल.

कामाला लागले. आधीच्या आराखड्यात जेटीवरचं केंद्र सगळं जाणत होतं आणि वाट ठरवत होतं. मी ते केंद्र आंधळं केलं. आता डबा आपली जागा पाठवतच नाही. तो फक्त ऐकतो, की आसपास कोण बोलतंय आणि ते किती नीट ऐकू येतंय. हाती आलेला निरोप तो नीट ऐकू येणाऱ्या दोघातिघांकडे सरकवतो, ते पुढच्यांकडे, आणि असा तो हातोहात जेटीवर पोचतो. आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसं रांग करून बादल्या देतात, तेव्हा पहिला माणूस कोण आणि कुठे उभा आहे हे शेवटच्याला कुठे ठाऊक असतं? प्रत्येक डब्याचं नावही थोड्या थोड्या वेळाने आपोआप बदलतं. आवाज किती मोठा येतो यावरून अंतर ओळखणारा एखादा चतुर निघेल, म्हणून डबा मुद्दाम कधी जोरात बोलतो, कधी हळू. अपवाद एकच. लाल बटण दाबलं की त्या बोटीची, आणि फक्त तिचीच, जागा सगळ्यांना दिसते.

याची किंमत पडली. निरोप पूर्वीपेक्षा जरा सावकाश जातात आणि वाटा वेड्यावाकड्या होतात. माझ्या पुण्याच्या सहकाऱ्यांनी पाहिलं तर म्हणतील, किती गबाळं काम. पण ज्या नेटवर्कमधला डबा माणूस स्वतःहून चालू ठेवतो, त्याच्याइतकं भरवशाचं नेटवर्क मी दुसरं आखलेलं नाही.

दिवाळीच्या आठवडाभर आधी परीक्षा झाली. मी तांडेलांना आव्हान दिलं की एक बोट डबा चालू ठेवून समुद्रात जाईल आणि बाकीच्यांनी तिला शोधायचं. बोट कोणाची, हा प्रश्नच आला नाही. बाबा निनादला घेऊन पहाटेच निघून गेले होते.

शोधणाऱ्यांचा पुढारी बाबल. तो डाव्या हाताने कॉम्प्युटरवर बोटं आपटत होता, शेजारी इंजिनिअरिंग शिकणारे दोन भाचे बसवले होते. कंपनीचा माणूसही आशेने येऊन बसला होता. अधूनमधून बाबांचा आवाज यायचा, स्वच्छ, अगदी कानात बोलल्यासारखा: "गावलंय काय रे, बाबल?"

"थांब रे, गावतलंस! चाळीस वाव खोल पाण्यात असंस ना?"

"असंन. नसंनय."

भाच्यांनी आकडे जुळवले आणि जाहीर केलं, बोट नैर्ऋत्येला आहे. तासाभराने म्हणाले, वायव्येला. दुपारी म्हणाले, एकाच वेळी दोन्हीकडे आहे. बोटी पाठवल्या गेल्या आणि हात हलवत परत आल्या. संध्याकाळी टिकमकाकांनी हार जाहीर केली.

"दिनू, दाब लाल बटण," ते म्हणाले.

पडद्यावर एक ठिपका उमटला. तो कचेरीपासून इतका जवळ होता की आधी कोणाला कळेचना. मग सगळे खिडकीकडे धावले. बंदराच्या तोंडाशी एक काळा खडक आहे, त्याच्या आडून 'भवानीप्रसाद' डुलत बाहेर आली, डोलकाठीवर निशाण फडफडत. बाबा दिवसभर तिथेच बसून होते. आईने दिलेला भात आणि बांगड्याचं तिखलं जेवून त्यांनी झोपही काढली होती.

बाबल हसता हसता खाली बसला. कंपनीच्या माणसाने चहा संपवला, कागद पिशवीत घातले आणि टिकमकाकांना नमस्कार केला. त्याचे डबे घ्यायचा ठराव मांडायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवसापासून एकही डबा बंद झाला नाही. कचेरीतल्या पडद्यावर आता एकच आकडा दिसतो, किती डबे चालू आहेत तो, आणि तांडेल चहा प्यायला आले की आधी तो आकडा बघतात.

भाऊबीजेनंतरच्या सकाळी मी मीटर आवरत होते, तर बाबा दारात उभे.

"चल," ते म्हणाले.

"खंय?"

"चल म्हटलंय ना."

बोटीवर निनाद होता. मला बघून तो हसला आणि सुकाणू सोडून पुढे जाऊन बसला. आम्ही बराच वेळ गेलो. किनारा निळसर रेघेएवढा झाला, पण हवा स्वच्छ होती आणि डोंगर दिसत होते. बाबांनी इंजिन हळू केलं.

"पडद्यार तू माझी जागा बघलेलंस," ते म्हणाले. त्यांनी विचारलं नव्हतं.

"हय. एकदा."

"कोणाक सांगलंस?"

"नाय."

"शेडीत माझा नाव पन घेवक नाय."

"नाय."

बाबांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "तू बघलंस ता बघलंस. पन ता मी दिलेला न्हय," ते म्हणाले. "आज मी देतंय. माझा चुकला, बाय. जागा कोण संभाळता, त्येका चेडू-झील काय नसता."

मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला वळवलं आणि बोट दाखवून सांगितलं, हे याच्यावर आलं पाहिजे आणि ते त्याच्यामागे गेलं पाहिजे. मला तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा बोट मीच त्या रेषेवर आणली. निनादने जाळं सोडलं आणि ते भरून आलं. त्या सगळ्या वेळात बोटीच्या कडेला, शितोडे खात, माझ्या डब्याचा हिरवा दिवा पेटलेला होता. कोणाकोणाचे निरोप आमच्यातून पुढे जात होते, आणि आम्ही कुठे आहोत हे जगात कोणाला ठाऊक नव्हतं. तुम्ही इथपर्यंत वाचलंत हे खरं, पण खुणा मी तुम्हालाही सांगणार नाही.

जेटीला लागलो तेव्हा बाबल लिलावाच्या शेडबाहेर उभा होता. माझ्या हातातली भरलेली टोपली पाहून त्याचे डोळे बारीक झाले. आसपास मासळी कापणाऱ्या बायकांनी सुऱ्या थांबवल्या, दोन-तीन तांडेल वळून बघायला लागले. माझ्या मागे बाबा दोर बांधत होते, आणि त्यांचेही हात थांबल्याचं मला न बघता कळलं.

"गो शर्वरी," बाबल मोठ्याने म्हणाला, "बापाशीन खंय नेल्यान गो तुका?"

मी टोपली खाली ठेवली. पाठ सरळ केली.

"पाण्यात," मी म्हटलं.